फोटोत आम्ही चौघंच

सोमवार, १२ सप्टेंबर १९६६

आणि वर ती अर्मा फोख्ट मलाच विचारते, घरात माणसं किती! चर्चमधल्या सगळ्या कुटुंबांच्या फोटोपुस्तकाचा साधा फॉर्म, त्याला एवढी झडती कशाला? ठणकावून सांगितलं, चार. नवरा, बायको, दोन पोरं. अमेरिकेत असतं तसं. तर म्हणते, "मग दोरीवर दुपटी कुणाची गं, व्हर्ला?"

माझी बहीण ग्लेनिस बाळाला घेऊन आलीय. दोन दिवसांसाठी. मार्चपासून. सासूबाई वरच्या खोलीत असतात, त्या धरायच्या नाहीत. मागच्या खोलीतले पिलार्स्की भाडेकरू, ते तर नाहीतच.

ऑर्विल त्याच्या भावाकडे आहे. लेस्टरचं छप्पर गळतं. चार जुलैला गेला. मोठं छप्पर आहे.

बुधवार, १४ सप्टेंबर

ठरलं. फोटो शनिवारी, २४ ला, तीन वाजून दहा मिनिटांनी, चर्चच्या तळघरात. तोवर घराला वळण लावायचं. रोज संध्याकाळी सहाला सगळे टेबलाशी. प्रार्थना, भाजलेलं मांस, घरचा ॲपल पाय. मला इस्त्रीचा एप्रन, मासिकातल्या बाईसारखा.

आज सहाला मी कारखान्यात टोमॅटो निवडत होते. हंगाम आहे, सुट्टी कोण देतो? पोरांना सासूबाईंनी डब्यातलं सूप दिलं. प्रार्थना ग्लेनिसने म्हटली म्हणे. घटस्फोट झालेल्या बाईने! उद्यापासून नक्की.

शुक्रवार, १६ सप्टेंबर

ॲपल पाय जळला. ओव्हनचा दोष.

थोरली मर्लीन चौदाची झाली, जीभ चाळिशीची. म्हणते, "आई, बाबा घरी येणारेत, की फोटोपुरते?" म्हटलं, छपराचं काम संपलं की येतील. तर म्हणते, "छपरावर नव्हते गं ते. खाली बसून मासे साफ करत होते." मी आठवी करून थांबले तेच बरं. जास्त शिकलं की माणूस असं बोलतं.

रविवार, १८ सप्टेंबर

चार निळे स्वेटर आणले, एकसारखे. ऑर्विलचा घेऊन लेस्टरकडे गेले. गोडीतच बोलले. अंगणात पोचेपर्यंत तरी आवाज चढवला नाही. ऑर्विल म्हणाला, "तू मला घरी बोलावतेयस की फोटोत?" म्हटलं, त्यात फरक काय? त्याने पँटला हात पुसले. मग स्वेटर घेतला.

घेतला म्हणजे येणार. पुरुष असेच हो म्हणतात.

शनिवार, २४ सप्टेंबर

तीन वाजले. नाही आला. तीन-दहा झाले. फोटोवाला घड्याळ बघायला लागला. पिलार्स्की आम्हाला गाडीतून सोडायला आले होते, उंचीने ऑर्विलएवढेच. त्यांना म्हटलं, जरा मागे उभे राहा, उजेड बघू दे त्याला. सासूबाई आल्याच होत्या, त्यांना चर्चमध्ये कोण अडवणार? ग्लेनिस बाळ घेऊन जिन्यात. फोटोवाला म्हणाला, "या, सगळे या, आजी मधोमध!" बाळ खिदळलं, त्याने खटका दाबला.

मी ओरडले, हे आमचं कुटुंब नाही!

सासूबाई म्हणाल्या, "मग अकरा वर्षं मी भांडी कुणाची घासतेय, बाई?"

बाहेर रांग होती. रांगेने ऐकलं. धाकटा डेल नऊ वर्षांचा, तोही हसला. घरी येताना गाडीत तोंड फुगवून बसले. कुणी मनधरणीही केली नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

अर्मा फोटो दाखवायला घेऊन आली. म्हणाली, "इतक्या वर्षांत तुला हसताना पहिल्यांदा बघतेय." बघितलं. हसतेय खरी. बाळाचा पाय माझ्या हातात. फोटो माझाच वाटेना. अर्धा तास घेऊन बसले.

राहिलेल्यांसाठी फोटोवाला येत्या शनिवारी परत येतोय. हाच फोटो छापायचा की नवा काढायचा, आणि खाली नावं कुणाची, हे अर्माला शुक्रवारी हवंय.

ऑर्विलला चिठ्ठी लिहिली. बरी जमली, म्हणून इथे उतरवते.

"ऑर्विल, छपराची गोष्ट मीच रचून गावभर केली. तू म्हणालास घरात माणसं फार झाली. मी म्हटलं, मग एक कमी करू, आणि तुझी बॅग अंगणात फेकली. फेकायला नको होती. पण माणसं अजून तेवढीच आहेत आणि जाणार कुणीच नाही. तुझी आई नसती तर पोरं उपाशी राहिली असती, आणि ग्लेनिस नसती तर तुझी आई. पिलार्स्कींचं मला माहीत नाही, पण ते राहतात. अशा घरात यायचं असेल तर बॅग घेऊन ये. स्वेटर नाही आणलास तरी चालेल. येणार की नाही, गुरुवारपर्यंत सांग. 'बघू' म्हणालास तर मी 'नाही' समजेन."