आबांच्या उरलेल्या गोळ्या

अहो,

शेजारच्या मोतीकाकूंना टेंपोत घालून खालापूरला दवाखान्यात नेतेय. त्यांना चक्कर येते म्हणून आईंनी आबांच्या ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या दिल्या. म्हणे, "हे गेलं, मंग गोळ्या फुकट कशाला टाकायच्या?" काकू चुलीपुढेच कोसळल्या.

गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवायला घेतलंय. डब्यातल्या बाकीच्या गोळ्या कुटून राखेत कालवा आणि परसात हातभर खोल पुरा. उकिरड्यावर नको, कोंबड्या टिपतील. ओढ्यात तर मुळीच नको. आबांच्या तेराव्यालाच सांगितलं होतं तुम्हाला, गोळ्या पुरून टाका म्हणून.

आईंना ओरडू नका, त्या कोपऱ्यात जाऊन बसल्यात. कुणी विचारलं तर गोळ्या मी दिल्या म्हणा. डॉक्टरांनाही मी तेच सांगणार आहे.

चंद्रभागा