न उकळलेलं पाणी

दि. ४ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो, पण हल्ली मी फोन उचलला की सूनबाईला नेमकं त्याच खोलीतलं काहीतरी आवरायचं असतं. म्हणून पत्र. उजवा हात भाजलाय, अक्षर डाव्या हाताचं आहे. हसू नकोस.

झालं ते असं. परवा दुपारी, नात शाळेतून यायच्या आधी, कॉफी करायला घेतली. मायक्रोवेव्हमध्ये माझ्या काचेच्या पेल्यात पाणी ठेवलं. जन्मभर चष्म्याची भिंगं घासली मी, माझ्या पेल्यावर तुला एक ओरखडा सापडायचा नाही. यंत्र थांबलं, बघतो तर आधण नाही. बुडबुडे दिसल्याशिवाय पाणी उकळलं असं मी मानत नाही, म्हणून पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तरी पाणी आपलं ढिम्म. शेवटी कंटाळून फडक्यात धरून पेला बाहेर काढला आणि चमचाभर कॉफी टाकली, तर सगळं पाणी एकदम उसळून माझ्या हातावर! मनगटापर्यंत कातडी सोलली गेली.

हे जसंच्या तसं घरात सांगितलं. न उकळलेलं पाणी उडतं कसं, असं चिरंजीवांनी विचारलं, आणि तो नापास झाला त्या वर्षी मी त्याच्याकडे बघायचो तसं माझ्याकडे बघितलं. त्याच्या मते मी चोरून गॅस पेटवला, भांडं कलंडलं आणि आता थापा मारतोय. मागे एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला नि माझ्या ध्यानात आलं नाही, तेव्हापासून शेगडीला हात लावायची मला बंदी आहे. आता हुकूम असा, की एक तारखेपासून नात शाळा सुटल्यावर पाळणाघरात जाणार. माझ्याकडे नाही. दुपारचे तेवढे तास सोडले तर माझ्या दिवसात आहे काय, चिमणे?

आणखी एक, फक्त तुला. दुपारी शेगडीची बटणं जागेवर नसतात. संध्याकाळी बघावं तर असतात. मीच ती काढून कुठे ठेवतो आणि परत लावतो की काय, कळत नाही. फार भीती वाटते. हे घरात कळलं तर नातीचं राहू दे, मलाच कुठेतरी पोचवून येतील. पत्र वाचून फाडून टाक.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त कर.
तुझा दादा

दि. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही तुझाच संशय आला, खोटं कशाला बोलू? लहानपणी खाऊ संपवून मांजरावर ढकलणारा तूच. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र डोक्यात उजेड पडला.

अरे, दुपारी बटणं जागेवर नसतात ना? मग त्या दिवशी गॅस पेटवलास कशानं, दातांनी? एवढी साधी गोष्ट तू लेकाच्या तोंडावर का मारली नाहीस? घाबरून गप्प बसलास आणि आयता अडकलास.

पाणी का उडालं ते मला ठाऊक नाही. पण बटणांना पाय फुटत नाहीत. ती कोणीतरी सकाळी नेतं आणि संध्याकाळी आणून बसवतं. सकाळी जातं आणि संध्याकाळी येतं असं तुमच्या घरात कोण आहे, ते मी सांगायला नको. तुझ्या सूनबाईचा तो गोड आवाज मला पहिल्यापासूनच जरा जास्त गोड वाटतो. तिला मी वेगळं पत्र लिहिते आहे. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून विचारत नाही.

हाताला मलम लावत जा. लोभ कर, पण लेकाला भिऊ नकोस.
चिमणी

दि. १७ मार्च

ती. आत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच होतं. राग आला, पण उत्तर देते.

हो, बटणं मीच नेते. ऑफिसला निघताना काढून पर्समध्ये टाकते, आल्याबरोबर बसवते. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, आत्या. उघड सांगून बाबांचा अपमान कशाला करायचा, असं वाटलं. हे गॅस गॅस करत होते, पण त्या दुपारी बटणं माझ्याच पर्समध्ये होती, म्हणजे गॅस पेटलेला नाही हे मला माहीत होतं. बोलले असते तर माझंच बिंग फुटलं असतं. आणि पाण्याची गोष्ट मलाही पटत नव्हती.

रविवारी बाबा मुलीला घेऊन फिरायला गेल्यावर मी त्यांचाच पेला घेतला. पाणी तीनदा तापवलं. खरंच एक बुडबुडा नाही. हातमोजे घालून पेला ओट्यावर ठेवला, झाडूच्या दांड्याला चमचा बांधला आणि लांबून कॉफी टाकली. पाणी भिंतीपर्यंत उडालं! आवाज ऐकून हे धावत आले आणि दारातच थिजले. यंत्राच्या कंपनीला फोन केला तर तिथल्या बाईनं पाठ असल्यासारखं सांगितलं: पेला फार गुळगुळीत असला की बुडबुड्याला धरायला जागा मिळत नाही, पाणी उकळीच्या पुढे तापतं तरी शांत दिसतं, आणि काही टाकलं की उसळतं. आत लाकडी चमचा ठेवा, पुन्हापुन्हा तापवू नका, यंत्र थांबल्यावर थोडा वेळ हात लावू नका.

पण आत्या, बटणं आपणच हरवतो असं बाबांना वाटत होतं, ही तुमच्या पत्रातली ओळ काही केल्या डोक्यातून जात नाही. रोज संध्याकाळी मी ती गुपचूप बसवायचे आणि बाबा ते बघून मनातून घाबरायचे. मला माझी फार लाज वाटते. त्यांना तोंडानं कसं सांगू?

रागावा, पण लोभ तोडू नका.
तुमची सूनबाई

दि. २२ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

चोंबडे, फाड म्हटलेलं पत्र जगाला सांगतेस!

काल सूनबाई ऑफिसातून आली ती थेट माझ्यासमोर. टेबलावर पर्स उपडी केली. कंगवा, किल्ल्या, गोळ्यांची पट्टी आणि शेगडीची तिन्ही बटणं. आणि नुसती रडत उभी राहिली. मी चांगला ओरडणार होतो. पण बटणं बघून इतका आनंद झाला की राग यायचाच राहिला. माझं डोकं ठिकाणावर आहे, चिमणे! मीच तिला पाणी आणून दिलं. साधं, माठातलं.

पाळणाघर रद्द झालं. चिरंजीव माफी मागत नाही, पण मलमाची नवी नळी मुकाट्यानं उशाशी ठेवून गेला. आता पेल्यात लाकडी चमचा असतो, आणि यंत्र थांबलं तरी नात आणि मी हाताची घडी घालून त्याच्याकडे संशयानं बघत उभे राहतो. आधी दार कोण उघडणार यावर आमचं भांडण.

सूनबाई आता बटणं नेत नाही. तरी रोज दुपारी मी एकदा उठून स्वयंपाकघरात डोकावतो. असतात, तिन्ही.

लोभाचं तुला काय सांगायचं! हे पत्र मात्र फाडू नकोस.
तुझा दादा