चारही इंडिकेटर म्हणजे सरळ

३ मे, शनिवार. सकाळी ११.
गाडी आली! माया ताईचा नवरा, सौरव जीजाजी, ऑफिसच्या कामाने तीन आठवडे बंगळुरूला. मनीषनगरला त्यांच्या बिल्डिंगचं पार्किंग खोदून ठेवलंय, म्हणून त्यांची टूरिंग मोटरसायकल आमच्या सक्करदऱ्याच्या अंगणात. जीजाजींनी शब्द दिलाय: २५ तारखेला गाडी धड मिळाली तर १ जूनला ती घेऊन मी माझा मित्र पियूषच्या ग्रुपसोबत स्पितीच्या डोंगरात. नाहीतर नाही. हे 'नाहीतर' कशाला? असल्या संशयाची किळस येते मला.
जीजाजी एकेक बटन दाखवायला लागले. मी म्हटलं, माहीत आहे. मग जाड मॅन्युअल दिलं. पुस्तक वाचून गाडी चालवणारे लोक मला पाहवत नाहीत. बी.ए. मी त्याच कारणाने सोडलं. मॅन्युअल कूलरच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. कूलर आता हलत नाही. पुस्तकाचा याहून जास्त उपयोग मी आजवर पाहिला नाही.
संकल्प: रोज एक बटन. स्वतःच्या डोक्याने.

४ मे, रविवार.
लाल त्रिकोणाचं बटन. दाबलं की चारही इंडिकेटर एकदम. विचार केला. डावा लागला तर डावीकडे, उजवा लागला तर उजवीकडे, चारही लागले तर सरळ. इतकं साधं! मनीषनगरपर्यंत सरळ गेलो, चारही लावून. मागचे सगळे हॉर्न मारून राहिले होते. एक ऑटोवाला बाजूने ओरडला, "काय गा, वरातीतून पळून आला काय?" चौकातला पोलीस म्हणाला, बिघडली असन तं ढकलत ने. मी थांबून त्याला सगळं समजावलं. शेवटी त्याने हात जोडले. पटलं असावं.

५, ६ मे.
बटन शोधलं नाही. ५ला पियूषने तंबू दाखवला, ६चा दिवस तंबू लावून पाहण्यात गेला. तंबूला बटन नाही. छान वस्तू.

७ मे, बुधवार.
डाव्या मुठीजवळ एक बटन, त्यावर एबीएस. थोडा वेळ दाबून धरलं तर मीटरमध्ये पिवळा दिवा, 'एबीएस ऑफ'. पॉवर मोड! कंपनी हे लपवून ठेवते. सगळ्यांच्या हातात पॉवर गेली तर काय होईल म्हणून.
तलावाच्या वळणावर रस्त्यावर रेती. ब्रेक मारला. मागचं चाक मला न विचारता पुढे आलं आणि मी रसवंतीच्या मागे, उसाच्या चिपाडांच्या ढिगात. शी. कानात माश्या. मानेवर कालचा आंबलेला रस. रसवंतीवाली बाई म्हणे, "भाऊ, रस गिलासात भेटते इथं." वरून हसली. गाडीला ओरखडा नाही, चिपाडं मऊ होती. दोष रेतीचा. पॉवर थोडी जास्त झाली, बस.

९ मे, शुक्रवार.
मोठा शोध. हँडल लॉक केल्यावर किल्ली आत दाबून अजून थोडी फिरते. तिथे P. किल्ली निघते आणि पुढचा-मागचा छोटा दिवा जळत राहतो! चोरासाठी आहे हे. चोर येणार, दिवा पाहणार, म्हणणार कोणी तरी जागं आहे. जीजाजींनाही माहीत नसेल. आईने विचारलं, "दिवा काहून जळून राहिला रे?" मी म्हटलं, सिक्युरिटी. तिने देवाजी मामांना फोन करून सांगितलं की पोराने गाडीला सिक्युरिटी बसवली. अभिमान असतो आईला.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा.
आईला खिरीच्या डब्यासह विहारात सोडायचं होतं. गाडी मेली. सेल्फ दाबला तर टिक. पुन्हा टिक. आई दोन मिनिटं थांबली आणि शेजारच्या प्रशिकच्या स्कूटरवर निघून गेली. स्कूटर! त्या वस्तूकडे पाहूनच मळमळतं.
मार्तंड मेकॅनिक आपली बॅटरी घेऊन आला, वायरी जोडल्या, चालू करून दिली. विचारलं, "रात्रीचं काही चालू ठेवता काय?" आज पंचशील घेतलेलं, खोटं बोलता येत नाही. म्हणून बोललोच नाही. मग म्हणे, पुस्तक पाह्यलं काय. म्हटलं, पुस्तक कामात आहे.
कंपनी बॅटरीत पाणी कमी भरते. नक्की.

१४ मे, बुधवार.
बॅटरी पुन्हा मेली. सिक्युरिटीशिवाय गाडी कशी ठेवू? मार्तंडने फोन उचलला नाही, मग उचलला, मग नुसता श्वास सोडला.

१७ मे, शनिवार. दुपारी १.
स्पितीची रंगीत तालीम. पंचेचाळीस डिग्रीत तंबू बांधून नरखेडकडे, देवाजी मामांच्या मोसंबीच्या बागेत. पोहोचलो. विहिरीच्या पंपाजवळ चार माणसं पाहत होती म्हणून किल्लीला हातही न लावता उजव्या अंगठ्याने लाल बटन दाबून इंजिन बंद केलं. काय दिसतं ते! किल्लीने बंद करतात पेन्शनर.
दुपारी ४.
चालू होत नाही. सेल्फला आवाजच नाही. या वेळी टिकसुद्धा नाही. वायरिंग जळालं असणार, मला वास येतोय. मामा म्हणतात तो शेणखताचा आहे.
संध्या. ६.
सीट उघडली. सहा फ्यूज काढले, फुंकले, खिशात ठेवले. आता खिशात पाच आहेत.

१८ मे, रविवार.
सहावा मोसंबीच्या आळ्यात, चिखलात सापडला. मामांनी सगळे माझ्याकडून घेतले, धुतले, वाळवले, फ्यूजच्या डबीच्या झाकणावरचं चित्र पाहून बसवले. मग विचारतात, लाल बटन पाह्यलं काय. मी म्हटलं, मामा, हा पंप नाही, इलेक्ट्रॉनिक गाडी आहे. तर म्हणे, "आमचा पंप उठत नाई तं आमी पह्यले विहिरीत नाई उतरत, भाच्या. पह्यले पेटीवरचं लाल बटन पाह्यतो, कोणं दाबून ठेवलं काय म्हून." आणि अंगठ्याने लाल बटन उलटं सरकवलं, सेल्फ मारला. गाडी चालू.
योगायोग. रात्रभर फ्यूज काढल्याने वायरिंगला आराम मिळाला, हे मुख्य कारण.
पण घाण पुढे झाली. मामांनी तिथूनच जीजाजींना व्हिडिओ कॉल लावला. "जावई, काळजी करू नका, गाडी मस्त आहे. सहाच्या सहा फ्यूज धुऊन बसवून देल्ले! अन् पोराची सिक्युरिटीबी पाह्यली, दिवा चांगला जळते!" तेवढ्यात जीजाजींकडून कॉल कट झाला. नेटवर्क गेलं असावं. खेड्यातल्या प्रामाणिकपणाची मला खरोखर किळस आहे.

२५ मे, रविवार.
जीजाजी आले. ओरडले नाहीत. ओरडणारी माणसं परवडतात. गाडीजवळ उभं करून एकेका बटनावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय. त्रिकोण? सरळ. एबीएस? पॉवर मोड. P? चोर. माया ताई पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. जीजाजी पूर्णवेळ मान हलवत होते, म्हणून मी उत्साहाने सांगत गेलो.
मग म्हणाले, अंकुश, मी सुट्टी टाकतो. महिनाभर ज्या माणसाला सुट्टी मिळत नव्हती, त्याला एका फोनवर मिळाली. स्पितीला ते आणि ताई. पियूषने लगेच यादीतून माझं नाव काढलं. मित्र!
मी म्हटलं, रस्त्यात काही बिघडलं तर? जीजाजी म्हणाले, "तू नसशील नं."

१ जून, रविवार. सकाळी ७.
गेले. मला मनीषनगरच्या फ्लॅटवर ठेवलंय. झाडांना पाणी, कूलरमध्ये पाणी, पंधरा दिवस.
हॉलमध्ये स्विचबोर्ड. नऊ बटनं. जीजाजींनी सात बटनांवर चिकटपट्टी लावलीय. उघडी दोन: पंखा आणि दिवा. त्यांच्याखालीसुद्धा ताईच्या अक्षरात लिहिलंय, 'पंखा', 'दिवा'.
दिवा लावला. लागला.