राखीव नमुना

३ मार्च
आले एकदाची! नवं गाव, आरोग्य खात्यातली नवी नोकरी आणि मुक्काम ताईकडे. तिला सातवा महिना. दारातच ओरडली, जंतूंची पोलीस आली, ताटं लपवा! भाऊजींनी खरंच एक ताट लपवलं. हसून हसून पोट दुखलं.

५ मार्च
पहिलंच काम. गावातली चार म्हातारी माणसं तापानं दवाखान्यात, चौघांत एकच जंतू. हा तयार, पाकीटबंद खाण्यातून येतो आणि फ्रिजमध्येही मजेत वाढतो. वास बदलत नाही, चव बदलत नाही. गरोदर बाईला नुसती कणकण येते, पोटातल्या जिवाला मात्र तो सोडत नाही.

खाल्ल्यावर ताप यायला कधी कधी महिना लागतो, आणि महिन्यापूर्वी काय खाल्लं ते कोणाला आठवतंय? म्हणून आम्ही सरळ फ्रिज उघडतो. त्या चौघांतल्या एका आजींकडे शिजवलेल्या चिकनच्या चकत्यांचं अर्धं पाकीट मिळालं. निम्मं प्रयोगशाळेला, निम्मं फेरतपासणीसाठी राखीव. ऑफिसचा फ्रिज नेमका बंद. साहेब म्हणाले, ठेवा की घरी. नमुन्याच्या पिशव्याही संपलेल्या, म्हणून ताईच्याच डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवली. ताई झोपली होती. पहाटे दौऱ्यावर निघायचंय, तिला आल्यावर सांगेन.

९ मार्च
परत आले. डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. चिठ्ठी फ्रिजच्या तळाशी, ओली.
ताई म्हणाली, माझ्यासाठी गुपचूप आणल्यास ना गं? छान होत्या.
मीही हसले. का हसले, माहीत नाही. नमुन्यात काही नसेलही.

१४ मार्च
अहवाल आला. आहे.
साहेबांनी पाठ थोपटली. चकत्यांचा कारखाना बंद केला. राखीव नमुना कुठाय म्हणाले. सांडला, म्हटलं.
ताईला डॉक्टरकडे न्यायला हवं. पण न्यायचं म्हणजे सांगायचं. जेवले. मीठ होतं की नाही, आठवत नाही.

२६ मार्च
ताईला कणकण. भाऊजी म्हणतात, हवा बदललीय.
सांगायला तोंड उघडलं. चहा करू का, एवढंच विचारलं.

२७ मार्च
डॉक्टरांना सांगितलं. फक्त त्यांना. कधी खाल्लं, कधी कळलं, सगळं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग धावपळ. सलाईन. मला काही वाटत नाहीये. वाटायला हवं —

२८ मार्च
भाऊजींनी हात जोडले. तू होतीस म्हणून वेळेवर कळलं, म्हणाले. वेळेवर.
ताई येईल त्या नर्सला सांगतेय, माझ्या बहिणीनं ओळखलं.
मघाशी माझा हात ओढून पोटावर ठेवला. म्हणाली, बघ, रात्रीपासून कसं गुणी झालंय, जराही त्रास नाही.
हात तसाच आहे. दुसऱ्या हातानं लिहितेय. ताई माझ्या तोंडाकडे बघतेय — हसतेय —
थोडं दाबून पाहिलं. बाजू बदलून —
ताई विचारतेय, लागतंय ना गं हाताला? मी हो म्ह