ताईचं पथ्य

३ मार्च

ती. ताईस, सा. न.

केमोची दोन इंजेक्शनं सोसून वर मलाच चिडवतेस, म्हणजे तब्येत ठीक आहे! मी प्रयोगशाळेत दिवसभर काय उद्योग करतो, असं भावोजी विचारतात म्हणे. तर ऐक. पेशीतली जुनी, बिघडलेली प्रथिनं खुणेची चिठ्ठी लावून मोडीत काढली जातात. डीएनएला तडा गेला, तर ‘थांब, आधी दुरुस्ती’ असं पेशीला बजावणारीही प्रथिनंच. कधी चिठ्ठी भलतीकडे लागते आणि हा पहारेकरीच मोडीत जातो. मग पेशी तड्यासकट दुणावते, चुकांवर चुका साचतात आणि कर्करोगाला वाट मिळते. यावरचा माझा शोधनिबंध छापून येतोय. आता माझे पाय जमिनीवर राहतील, असं धरून चालू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये.
तुझा पोपट

६ एप्रिल

चि. पोपटास, अनेक आशीर्वाद.

तिसरं इंजेक्शन लांबलं. वजन फार उतरलंय, अशा अंगाला औषध झेपणार नाही म्हणाले. काय खाता, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसले. तुला खरं सांगते. तुझ्या पत्रानंतर अंडी, दूध, डाळी, मासे सगळं बंद केलंय. प्रथिनं मोडल्यामुळेच हा आजार ना? मग पोटात गेलीच नाहीत तर मोडणार काय! सोडू का, असं तुला पत्रातून विचारलंही होतं. उत्तर नाही आलं, मी मौनाला संमती समजले. तुझ्या भावोजींना वाटतंय, माझ्या तोंडाची चव गेलीय. भाऊ शास्त्रज्ञ आणि बहीण ही अशी! डॉक्टरांना सांगायची फार लाज वाटते रे. मूर्खपणा झाला का माझा?

आहेस तसाच सुखी राहा.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

आधी अंडं उकडत ठेव, मग पुढे वाच. खाल्लेल्या प्रथिनांतूनच शरीर झीज भरून काढतं. पेशीतली मोडतोड निराळी. उपाशी राहून ती थांबत नाही. शिवाय तिच्यावाचून पेशी जगतही नाही, फक्त ती चुकीच्या जागी व्हायला नको. हे मी लिहिलं नाही, कारण ऐटीत होतो.

मूर्खपणा माझा. तुझा प्रश्न मला वेळेवर मिळाला होता. चहाच्या सुट्टीत मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. हसून हसून पुरेवाट झाली, सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. मग पत्र खिशात घालून कामाला लागलो. ‘सगळं खा’ एवढंच लिहायचं होतं, ताई. स्वतःचीच किळस येते. डॉक्टरांना आजच सांग, आणि माझं नाव घेऊन सांग.

रागावलीस तरी पत्र पाठव.
पोपट

१५ एप्रिल

चि. पोपटास, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस लिहावंसं वाटलं नाही. आता अंडी, दूध सुरू केलंय. डॉक्टरांनाही सांगितलं. ते हसले नाहीत. थोडं वजन भरलं की इंजेक्शन देणार आहेत. मधल्या काळात आजार किती पुढे सरकला, ते तपासणीत कळेल. साधी गोष्ट विचारायला तुमच्या घरात जाणतं कोणीच नव्हतं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नाही, कोणी नाही. तुझं नाव माझ्याने घेववलं नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
ताई