गाडीच्या बदल्यात हळद

सेनगाव,
१६ एप्रिल २००३

श्री. संतरामजी व्याही यांना रखमाजीचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे माणसं खुशाल आहेत. गाडीचं पुढे लिहितो. तुमच्या कपाळावरचं टेंगूळ उतरलं का? ओली हळद लावत जा. (तुमच्याकडे हळदीला काय तोटा, हे आता विमा कंपनीलाही ठाऊक झालंय.)

धाकट्या चिरंजीवांसाठी मुलगी बघायला दोन दिवस गाडी पाहिजे, असा तुमचा निरोप आला. मुलीच्या बापाने व्याह्याला नाही म्हणायची रीत आपल्याकडे अजून निघालेली नाही. तरी मी शहाणपणा केला. आधी विम्याच्या एजंटाला, प्रेमसिंगला, गाठून विचारलं की पाहुण्याने गाडी नेली आणि काही मोडलं तर? तो म्हणाला, "चालवणाऱ्याचं लायसन पाहिजे, तुमची परवानगी पाहिजे, बस. भाड्यानं तेवढी देऊ नका. खासगी गाडी हाय." मी हसलो. व्याह्याला कोणी भाड्याने गाडी देतं का?

मग वारंगा फाट्यावर मेंढरं आडवी आली. तुम्ही म्हणालात डावीकडे घे, विहीणबाई म्हणाल्या उजवीकडे. आमचे जावईबापू शिवहार आईबापाच्या शब्दाबाहेर नाहीत, त्यामुळे त्यांनी दोन्ही ऐकलं आणि गाडी लिंबाच्या झाडावर घातली. (मेंढरू एकही दुखावलं नाही, हे चांगलंच झालं.) मी धावत आलो तेव्हा गाडीचं तोंड पार आत गेलं होतं, पण मी आधी तुम्हाला चहा झाला का विचारलं. जावयाला तर चकार शब्द बोललो नाही. गिळायला फार जड गेलं, हे आज खरं सांगून टाकतो.

गाडी ओढत सेनगावला आणली. कंपनीच्या सर्व्हेअरने डिकी उघडली तर आत हळदीचं पोतं! मागून आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, हे मलाही आईने शिकवलंय. शेजारणीची वाटी असली तर चिमूटभर साखर घालून द्यावी. पण व्याहीसाहेब, फुटलेल्या गाडीत पोतं? बरं, मी सांभाळून घेतलं, पाहुण्यांचं प्रेम आहे म्हणालो. साहेबाला ते पटेना. तो कुरुंद्याला तुमच्या ओट्यावर आला आणि तुम्ही मिशीवर हात फिरवत सांगितलंत, "आमी कुणाची चीज फुकट वापरत न्हाई साहेब. गाडीच्या बदल्यात हळद दिली, बराबर तोलून." वर सही ठोकलीत. तारखेसकट!

काल कंपनीचं पत्र आलं. खासगी गाडी मोबदला घेऊन दिल्याचं दिसतं, सबब भरपाई मिळणार नाही. लायसन ठीक, परवानगी ठीक, सगळं ठीक, आणि अडलं कुठे तर तुमच्या स्वाभिमानात. चोपन्न वर्षं अब्रूने काढली, आता स्टँडवरचे जीपवाले विचारून राहिलेत, "काका, कळमनुरीची सवारी घेता का?" मेस्त्री कंपनीच्या कागदाशिवाय पान्याला हात लावत नाही. गाडी त्याच्या दारात उभी आहे आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालतात.

तुमच्यावर राग नाही. (आहे. पण तो धरायची सोय नाही.)

आपला,
रखमाजी

ता. क. – राधिकेला पुढच्या महिन्यात सातवा लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तर ही गाडी नीट व्हायला पाहिजे. अवघडलेल्या लेकीला वारंगा फाट्यावर एसटी बदलत, उन्हात उभं करून आणायचं माझ्या जिवावर येतं. तेव्हा मंगळवारी हिंगोलीच्या ऑफिसात या आणि हळद प्रेमाने दिली, एवढंच लिहून द्या. खोटं काही नाही त्यात. दिली तर प्रेमानेच होती ना? आणि कृपा करून येताना हात हलवत या.

ता. क. दुसरा – हे पत्र वाचून आमची रुख्मिणीबाई माझ्यावरच उखडली. व्याही एवढ्या उन्हात आपल्या कामासाठी येणार आणि त्यांना तसंच पाठवायचं? तिने तुमच्यासाठी टॉवेल-टोपी आणि धोतरजोडी आणून ठेवली आहे. नाही म्हणू नका, आम्हालाही रीतभात आहे. फक्त साहेबासमोर पिशवी उघडू नका. तो साक्षीची मजुरी म्हणून लिहून घेईल.