कात्र्यांच्या कपाटाचं कुलूप

४ मार्च
आज सगळ्या बायकांसमोर खोटं बोलले, तेही या वयात. म्हणून लिहायला बसले.

शिवणकेंद्रातल्या कात्र्यांच्या कपाटाला कुलूप लावलं. म्हटलं, "कात्र्या हरवतायत." एकोणीस वर्षांत एकही हरवलेली नाही! खरं कारण म्हणजे कापड बेतायला आलेली नवी. सहा वर्षं बंडखोरांत होती. बंदूक टाकून परतली. मी महिनाभर तिचं काम बघायचं, मग पुनर्वसन कार्यालयाला कळवायचं, ठेवतो की नाही. 'नाही' लिहिलं तर ती परत शरण आलेल्यांच्या छावणीत.

तिच्या लक्षात आलंच. हळूच म्हणाली, "मीही लावलं असतं, बाई."

कान तापले माझे.

५ मार्च
इस्त्रीवाल्या मावशींनी टेबल फिरवून भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा मुलगा फौजेत होता. पुलाजवळच्या चकमकीत गेला.

९ मार्च
नवीचा हात सफाईदार आहे. चिंधीसुद्धा वाया जात नाही. पण केर काढते ती मागे मागे सरकत — स्वतःची पावलंही पुसत! काज-बटणवालीने विचारलं, "हे काय उलटं?"

"कोणी माग काढू नये म्हणून. सवय."

मग काज-बटणवालीच म्हणाली, "अगं, इथे तुझ्या मागे लागलेली मी एकटीच! सकाळपासून कॉलरी दे म्हणतेय."

हसल्या सगळ्या. मावशी नाही.

१४ मार्च
मावशींनी पाठमोऱ्याच विचारलं, "पुलाजवळ होतीस?"

नाही म्हणाली असती तर कोण तपासायला जाणार होतं! म्हणाली, "होते. गोळ्याही झाडल्या. कोणाला लागल्या, माहीत नाही."

मावशी इस्त्री तशीच टाकून निघून गेल्या. शाळेच्या गणवेशाचा एक शर्ट जळला.

१५ मार्च
मावशी आल्या नाहीत. बायका म्हणतात, "ती की मावशी, काय ते ठरवा." नवी आपणहून पिशवी भरायला लागली. ओरडलेच, "बस खाली! अर्धे गणवेश कोण बेतणार?"

१७ मार्च
आजही नाहीत. कार्यालयाचा कागद कोराच.

१८ मार्च
मावशी आल्या. थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "कात्री एकही हरवली नव्हती, बाई. तिने तरी मला खरं सांगितलं."

मी उठून कपाटाचं कुलूप काढलं.

इस्त्रीचं टेबल अजून भिंतीकडेच आहे. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. कुलूप माझ्या पिशवीत.

दिलं-घेतलं: कपाटाची किल्ली, एक. मी मावशींच्या हातात दिली. मावशींनी नवीच्या.